पाच रेघांचे कागद

पहिला कागद मले यायच्या पत्र्याच्या पेटीत सापडला तवा माही पोट्टी सात महिन्यांची होती, आन मी तिची झबली हुडकून राहिली होती, कागद पाहाले गेली नोती. यायच्या म्हणजे माह्या नवऱ्याच्या, पोट्टीच्या बापाच्या. वरतून धोतर, धोतराखाली सदरा, सदऱ्याखाली चार घड्यांचा कागद. आता सदऱ्याखाली माणूस कागद कवा ठेवते? कोणाले दिसू नये असं वाटते तवाच ठेवते. पोट्टी बाजीवर रडून राहिली होती, तिले तशीच रडू देली आन कागद उघडला.

मी मराठी तिसरी शिकली, चांदूर बाजारले, बापाच्या घरी होती तवर. चौथीत बसली आन लगन झालं. बाळबोध मले वाचता येते. मोडी वाचता येत नाही पण वळखू येते, पटवाऱ्याच्या कागदावर पाह्यली, ओल्या पायाची मुंगी चालल्यावानी. उर्दू दुकानाच्या पाटीवर पाह्यली. इंग्रजी टपालाच्या तिकिटावर. हा कागद त्या चारीतला नोता. पाच रेघा पट्टीनं ओढलेल्या, जरा जागा सोडून परत पाच, आन त्या रेघायवर काळे ठिपके बसलेले. ठिपक्यायले दांड्या, कोणाची वर, कोणाची खाली. काही ठिपके भरलेले, काही पोकळ. मले वाटलं ही कोणाची तरी पाचवी लिपी हाय, आन लिहिणाऱ्यानं मुद्दाम अशी लिहिली का मले वाचता येऊ नये. सासूले तं अक्षरवळख नाही. मंग लपवाचं कोणापासून? माह्यापासूनच.

आमचा मळा अमरावतीले, परकोटाच्या बाहेर. वांगे, हिरव्या सांबाराच्या जुड्या, लाल भेदरं, मेथी, आन दोन पट्टे फुलांचे, शेवंती आन मोगरा. सासूले मी मामी म्हणतो. मामी मळा पाहे, मी फुलं पाहो, आन हे दर बुधवारी टोपले घेऊन बडनेऱ्यावरून अकोल्याच्या गाडीत बसत ते सोमवारी वापस येत. एवढे दिवस काहून लागते, तं अकोल्यात तंबूतला सिनेमा होता. चित्र मुकं राहे, माणसं तोंड हालवत पण आवाज नाही, म्हणून पडद्याखाली बाजेवाले बसत. त्या बाजेवाल्यायचा मास्तर गोव्याकडचा म्हातारा किरिस्ताव. यायचा हात तारांवर चांगला हाय असं त्याले समजलं, कसं समजलं ते मले आजून कोणी सांगतलं नाही, आन त्यानं यायले गिटार शिकवाले घेतलं, बाजेवाल्यायत बसवलं. एक जुनी गिटार घरी वाजवाले देली, कडेले भेग पडलेली, भेगेत लाख भरलेली. अकोल्यात तथलीच दुसरी वाजवत, ही घरीच राहे. मामी तिले खोका म्हणे. खोका आडवा लागते, खोका बाजूले कर, खोक्यावर पोट्टीचे लंगोट वाळू घालू नको, नाहीतं मंग तुहा नवरा बोंबलते.

तवा मामी रोज काही ना काही बोले. पहिली पोट्टीच झाली. दोन वर्स पाहू. आपल्या भावकीत अमक्यानं दुसरी आणली, तिले वरसाच्या आत पोरगा झाला, आन पहिली बापाच्या घरी चांदूर बाजारलेच हाय, तुह्याच गावात, वळखत असशीन तू तिले. वळखत होती मी. तिचा बाप तिले भाकर दे आन भावजय मोजे. मले रात्रंदिवस तेच दिसे, का मी पोट्टीले कडेवर घेऊन बापाच्या दारात उभी हाव आन इकडं माह्या चुलीपाशी दुसरी बसली हाय. बाकी काही भेव नोतं मले, एवढंच होतं. आन त्यात हा कागद.

मंग मी पाळत ठेवाले लागली. सोमवारी हे आले का जेवत, आन मंग बाजीवर बसत, गिटार बाजूले, कागद मांडीवर. वाजवत नसत. नुसते पाहत. घंटा घंटा पाहत. व्हट हालत, कपाळाले आठ्या, मधातच एक सुस्कारा, आन मी पाण्याचा लोटा घेऊन गेली का कागदाची घडी. एकदा मी इचारलं का काय वाचून राह्यले, तं म्हणे तुले नाही समजाचं. माणूस असं कशाले पाहते? पत्रालेच पाहते. आमच्या गावात एक नवी नवरी होती, तिचा नवरा पलटनीत होता, ती असीच बसे मांडीवर कागद घेऊन.

कोणाले इचारू, तं कॅम्पात एक किरिस्ताव बाई होत्या. पोरींच्या शाळेत शिकवत, विधवा, एकट्या राहत, आन दर शनवारी मी त्यायले देवळासाठी, म्हणजे त्यायच्या देवळासाठी, फुलं नेऊन देओ. त्या बोलत चांगल्या पण मले त्यायचा बी पुरता भरोसा नोता, काहून का मास्तर किरिस्ताव आन बाई बी किरिस्ताव, एकमेकायची बाजू घेतीन. तरी दुसरं कोण होतं? हे अकोल्याले गेल्यावर मी कागद शेवंतीच्या खाली केळीच्या पानात गुंडाळून नेला.

बाईनं कागद पाह्यला आन हासल्या. म्हणाल्या, हे गाणं आहे. एकेक ठिपका म्हणजे एकेक सूर. आन त्यायनं बोट फिरवत फिरवत गळ्यातून आवाज काढून दाखवला. मी मनात म्हटलं, पत्र वाचून दाखवाचं नसलं तं माणूस असंच गुणगुणून मोकळं होते. गाण्यावानी काहीबी म्हणाले काय लागते?

पण मी बी कच्ची नाही. दुसऱ्या शनवारी तोच कागद परत नेला, दुसऱ्या दोन कागदायच्या मधात ठेवून, पेटीत तवर सात झाले होते. आन त्यायच्या हातात देताना उलटा देला. त्यायनं सरळ केला आन परत तेच म्हटलं. तेच, जरा बी फरक नाही. मले पाठ झालं होतं ते आठ दिवसांत, फुलं तोडताना, पोट्टीले निजवताना, म्हणून मले समजलं. मंग मी म्हटलं, बरं, बाई खरं बोलते. कागदात गाणंच हाय.

आन सोमवारी हे आले, बाजीवर बसले, तोच कागद मांडीवर घेतला, मी खांबाआड उभी, आन यायनं वाजवलं. ते बाईचं गाणं नोतंच. सुरुवात जराशी सारखी आन मंग भलतीकडंच. चांगलं वाजे, मले आवडलं बी, पण ते कागदातलं नोतं. आता मले कोणी सांगा, कागद समोर, बोट तारांवर, आन वाजते भलतंच. मंग कागद समोर धराले काहून लागते? दोघातलं एक खोटं बोलून राहिलं होतं, का बाई, का हे. आन ते मी दुसऱ्याच्या तोंडून कदी समजून घेऊ शकणार नोती. मलेच वाचता याले पाहिजे होतं.

तिसऱ्या शनवारी मी बाईले म्हटलं, मले शिकवा. त्यायनं एकदम इचारलं, कशाला? मी म्हटलं, हौस. त्यायले पटलं नाही, ते दिसलं मले, पण त्यायच्या भिंतीवर त्यायच्या भावाची गिटार टांगलेली होती, तो वारला होता, आन ती कोणी वाजवत नोतं. त्या उठल्या आन फडक्यानं ती पुसाले लागल्या. अर्धा घंटा शिकवीन म्हणाल्या. पोट्टी त्यायच्या सतरंजीवर राहे आन त्या मधातच तिच्या हातात लाकडी चमचा देत.

आता शिकणं कसं झालं ते सांगतो. बाई म्हणे, या पाच ओळी, खालून मोजायच्या, आणि ओळींच्या मधल्या चार जागा. काही ठिपके ओळीवर, काही मधल्या जागेत. हे मले लवकर समजलं, काहून का आमच्या वांग्याच्या वावरात बी तसंच राहते, सरी आन वरंबा. एक रोप वरंब्यावर, एक सरीत, चुकून सरीतलं वरंब्यावर लावलं तं पाणी पोचत नाही. मी पाच वरंबे धरले आन चार सऱ्या. खालच्या बाजूनं वर जा, आवाज बी बारीक बारीक होत जाते. सगळ्यात बारीक तार ती पहिली. ती मोकळी वाजवली तं ठिपका वरच्या सरीत. तिच्यावर पहिल्या घरात बोट ठेवलं तं ठिपका वरच्या वरंब्यावर. दुसरी तार मोकळी, तं ठिपका बरोब्बर मधल्या वरंब्यावर, दोन खाली, दोन वर. तिसरी तार मोकळी, तं त्याच्या खालच्या वरंब्यावर. हे दोन मी सारखे सारखे चुकवत होती, दुसरी आन तिसरी. बाई माह्या बोटाले धरून हालवत, म्हणत, मधली ओळ, दुसरी तार, मोकळी. मधली ओळ, दुसरी तार, मोकळी. मी ते भाकरी थापताना म्हणो.

मोजणं मात्र मले पहिल्याच दिवशी आलं. बाई पाय आपटून दाखवत होत्या, भरलेल्या ठिपक्याले एक, पोकळ ठिपक्याले दोन, ते मले पायानं जमे ना. मंग मी म्हटलं थांबा, आन मनातल्या मनात गजरा गुंफाले लागली. एका गाठीले एक. पोकळ ठिपका आला का दोन गाठी बांधून होईस्तवर तार वाजू द्याची. बाई म्हणे, कुठं शिकलीस हे? मी म्हटलं, गजऱ्यात. त्यायले वाटलं मी थट्टा करतो.

घरी कठीण होतं. मामी मळ्यात गेली का दुपारी दार लोटून मी खोका घेऊन बसो, भोकात पोट्टीची गोधडी कोंबो का आवाज बाहेर जाऊ नये. बोटायची कातडी निघाली. तसेच मिरच्या कुटाच्या राहत, ते बोटं असे जळत का डोळ्यात पाणी ये, आन मामी म्हणे, मिरची लागली काय व. हो म्हटलं. एक दिवस मामी मधातच वापस आली. मी खोका भिंतीले टेकवला पण तार आजून हालून राहिली होती. मामी उंबऱ्यात उभी राहिली.

"घरात कोण होतं व?"

मी म्हटलं, उंदीर गेला तारांवरून.

"उंदीर," मामी म्हणे. "गाणारा उंदीर."

आन तवापासून ती बी माह्यावर पाळत ठेवाले लागली. ती मले पाहे, मी यायले पाहो, हे कागद पाहत. असं आमचं घर होतं तवा.

दोन महिन्यांत मले ते कागद वाजवता आले. सफाईनं नाही, अडकत अडकत, पण ठिपका तं ठिपका. आन सारे बाईनं म्हटल्यावानीच निघत. मंग मी एक काम केलं, त्याची मले लाज वाटते पण केलं. नवीन कागदावर पहिल्याच ओळीत, जथी काही नोतं तथी, काजळाचे तीन ठिपके काढले. जाड. दांड्या बी काढल्या. कोणीही वाजवणारा तथी थांबला असता का हे काय भलतं. हे आले, कागद मांडीवर घेतला, घंटाभर पाह्यला, आन वाजवलं. माहे तीन ठिपके त्यायच्या बोटाले लागलेच नाही. वरून गेले. दिसले बी नाही.

मले खात्रीच पटली. ज्याले वाजवाचं असते तो ठिपके पाहते. हे ठिपके पाहत नोते, हे कागद पाहत होते. कागद कोण्या हातातून आला ते पाहत होते. पुढच्या सोमवारी जो कागद आला त्याच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं इंग्रजी अक्षरं होते, बारीक, गोल गोल, पोरीच्या हातचे वाटत. शनवारी बाईले दाखवले. बाई म्हणे, याचा अर्थ गोड. गोडीनं वाजवा. मी कागद त्यायच्या हातातून ओढून घेतला. गोड. कोण लिहिते माह्या नवऱ्याले गोड?

मी मामीले सांगतलं का मी अकोल्याच्या महादेवाले नवस बोलली हाय, पोराचा. पोराचा म्हटल्यावर मामीनं काहून जातं, कशी जातं न इचारता नारळ आणून देला. शेजारची एक मावशी फुलं विकाले अकोल्याले जात होती, तिच्यासंगं गाडीत बसली. पोट्टी गाडीभर निजली आन मी गाडीभर एकच गोष्ट ठरवत होती, का काय दिसलं तं काय कराचं. ठरलं नाही.

मोर्णा नदी उतरून जुन्या शहरात गेलो. नारळ फोडला. मावशीले म्हटलं, तू बाजारात जा, मी मास्तरच्या घरी यायले भेटतो आन यायच्यासंगंच वापस येतो. घर माहीत होतं, हेच एकदा बोलले होते, पिठाच्या गिरणीच्या मांगं, निळं दार. गल्लीत मी तीनदा इकून तिकडं गेली. पोट्टी कडेवर जड झाली होती. मंग गिटारीचा आवाज आला, आन दार अर्धं उघडं होतं.

आतमधी पहिले मले ती दिसली. तरणी, केस मोकळे नाही पण सैल, झगा घातलेला, खुर्चीवर बसलेली. आन हे तिच्यासमोर, सतरंजीवर, गिटार मांडीवर. मधात एक लाकडी घोडा, त्यावर कागद. ती वाकून बोटानं कागदावर दाखवून राहिली होती आन यायचं डोकं तिच्या हातापासून इतभर. मी चौकट धरली.

मंग तिचं बोलणं आइकू आलं. गोड नोतं ते.

"पुन्हा तिसरी," ती म्हणे. "दोन महिने एकच सांगते तुला. ही ओळ. ही. ही कोणती तार?"

यायचे कान लाल झाले होते.

पडद्याआडून म्हातारा खोकला आन मोडक्यातोडक्या मराठीत बोलला. मास्तर तोच असंल. तंबूचा मालक नवीन चित्रं आणून राह्यला, त्यासंगं सुरांच्या छापील वह्या येतीन, येत्या शनवारपासून सगळ्यायले कागदावरूनच वाजवा लागंल. कानानं ऐकून वाजवणारा चालणार नाही. मालक समोर बसून पाहणार. मी तरी किती झाकू, असं काहीतरी म्हणे. पोरगी म्हणे, पप्पा, याला अक्षर येत नाही तर ठिपका कुठून येणार? शाळेत गेला नाही हा.

हे म्हणाले, "गेलो होतो." एवढंच. आन मान खाली.

मले तवा एक एक करून सारं दिसाले लागलं. लगनात माह्या बापाले यायच्या काकानं सांगतलं होतं का पोरगा चौथी पास हाय. म्हणूनच देली मले. आन लगनापासून टपालाचं कार्ड आलं का हे म्हणत, डोळे दुखते, तू वाच. दुकानाची पाटी आली का म्हणत, वाच पाहू तुले येते काय. मी वाचो आन मले वाटे हे माही परीक्षा घेते. घंटा घंटा मांडीवर कागद, व्हट हालत, सुस्कारा. मी खांबाआड उभी राहून ते काय समजत होती.

पण त्या साऱ्याचा इचार मी मंग केला. तवा तं ती पोरगी परत कागदावर बोट ठेवून म्हणे, ही कोणती, आन हे परत तिसऱ्या तारेवर बोट नेऊन राह्यले, आन माह्या तोंडातून निघून गेलं:

"दुसरी. मोकळी."

तिघायनं वळून पाह्यलं. म्हातारा बी पडदा सारून पाहाले लागला. पोट्टी बापाले पाहून हात पुढं कराले लागली. यायचं तोंड असं झालं जसं कोणी मळ्यातली मोट एकदम सोडून देली. पोरगी म्हणे, कोण ही? मीच म्हटलं, यायची बायको. आन तिले पाह्यलं पुरतं, पायापासून. तिनं बी मले पाह्यलं. मंग तिनं कागदावर दुसरीकडं बोट ठेवलं. मी सांगतलं. तिसरीकडं. सांगतलं. चौथं मले आलं नाही, तो ठिपका रेघांच्या खाली लोंबकळत होता, तथवर बाई पोचल्या नोत्या. पोरगी हासली. म्हाताऱ्यानं माह्यासाठी चहा सांगतला. मी घेतला नाही, त्यायच्या घरचा म्हणून नाही, यायले तथून लवकर बाहेर काढाचं होतं म्हणून.

बाहेर निघालो, मोर्णेच्या काठानं. मी वाट पाहून राहिली का हे आता म्हणतीन, तू इथी काहून आली. ते नाही म्हटलं यायनं. पोट्टीले घेतलं माह्या कडेवरून आन चार पावलं चालून इचारलं:

"तुले कोणं शिकवलं?"

मी म्हटलं, कॅम्पातल्या बाईनं.

"बाईनं? शाळेतल्या बाईले येते हे? खरं सांग. कोण्या बाजेवाल्यानं शिकवलं?"

आन आता माह्यावरच आलं सारं. माहे बोटं पाह्यले यायनं, एक एक उलटून, टोकाले पडलेले घट्टे दाबून पाह्यले. किती दिवस झाले, कोण्या दिवशी जाते, दार कोण उघडते, घरात दुसरं कोण राहते. मले राग बी आला आन खरं सांगतो, जरा बरं बी वाटलं. ज्याले घरात दुसरी आणाची असते तो एवढं इचारत नाही. पण मी ते लगेच मानलं नाही. मी म्हटलं, मी सारं सांगतो, पहिले तुमी सांगा. ती पोरगी कोण?

मास्तरची पोरगी. मुंबईले देली होती, नवऱ्यानं टाकली, वापस आली. कागद तीच लिहिते. टाकली म्हटल्यावर मी परत घाबरली. घरी वापस आलेली, तरणी, रोज समोर बसते. मी पुलापाशी थांबली.

"ती गोड काहून लिहिते?"

यायले समजलंच नाही मी काय म्हणतो. मी कोपऱ्यातले इंग्रजी अक्षरं सांगतले. हे म्हणाले, "मले काय माहीत त्यात काय लिहिलं? मले तं दुकानाच्या पाटीवरचं बी वाचता येत नाही." आन बोलून झाल्यावर पोट्टीच्या डोक्यात तोंड खुपसून चालाले लागले. लगनाले तीन वर्स झाले होते. हे पहिल्यांदा तोंडानं बोलले.

मी पुढं काही इचारलं नाही. पण गाडीत बसल्यावर एक गोष्ट सांगून टाकली. म्हटलं, शनवारले सहा दिवस हाय. तिच्यासमोर बसाचं काम नाही. मी शिकवीन, घरी. हे म्हणे, मामी काय म्हणन, म्हणजे यायची माय. मी म्हटलं, ते मी पाहतो. हे म्हणे, बायकोपाशी शिकू? मी म्हटलं, मंग तिच्यापाशी शिकता ते चालते काय? बडनेऱ्यापर्यंत हे पोट्टीले मांडीवर घेऊन खिडकीबाहेर पाहत राह्यले. बडनेऱ्यावर उतरताना म्हणे, बरं.

तरी यायचा संशय गेला नोता. दुसऱ्याच दिवशी सकाळी माह्यासंगं कॅम्पात आले, फुलाचं टोपलं स्वतः डोक्यावर घेऊन. बाईच्या फाटकापाशी उभे राहिले, आत या म्हटलं तरी नाही आले, तथूनच खिडकीतून पाहत होते, घरात कोण्या माणसाच्या चपला हाय काय. बाईनं मले रेघांखालचे ठिपके शिकवले त्या दिवशी. मुद्दाम जरा मोठ्यानं शिकवले, बाहेर आइकू जाईन असे.

मंग त्या बुधवारी हे अकोल्याले गेलेच नाही, आठवडाभर आमी भर दुपारी ओसरीत बसलो, भोकातली गोधडी काढून. मी कागदावर बोट ठेवो, हे तार छेडत. यायले ठिपके डोळ्यानं समजत नोते, म्हणून मी पाटा घेतला, त्यावर चुन्याच्या पाच रेघा ओढल्या आन मोगऱ्याच्या कळ्या ठेवाले लागली. कळी वरंब्यावर, कळी सरीत. हातानं उचलून ठेवली का यायले समजे. यायच्या हातात सारं हाय, डोळ्यात नाही. मधला वरंबा कोणता, इचारलं का पहिले तिसऱ्या तारेवरच बोट जाये आन मी कळी उचलून यायच्या गुडघ्यावर मारो. मामी चुलीपाशून पाहे. पहिल्या दिवशी भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणे, फुलं अशे वाया घालवता, देवाले काय घालाचं. तिसऱ्या दिवशी येऊन जवळ बसली, पोट्टीले मांडीवर घेऊन, आन यायच्याकडं पाहून म्हणे, "चौथी पास ना तू?" यायनं कळी उचलली आन मधल्या वरंब्यावर ठेवली. मामीले सारं माहीत होतं, लगनाच्या आधीपासून. ते मले त्या दिवशी समजलं, आन मी ते आजून तिच्यापाशी बोलली नाही, पण इसरली बी नाही.

त्या आठवड्यात मामी दुसरी बायको आणाचं बोलली नाही. कदाचित मुद्दाम असंल, कदाचित सवड नसंल.

शनवारी मालकापुढं पाच कागद ठेवले होते. तीन यायनं बरोबर वाजवले, चौथ्यात एकदा अडकले, पाचवा अर्ध्यात सोडला. मालक म्हणे, दिवाळीपर्यंत ठेवतो, मंग पाहू. सोमवारी घरी आल्यावर हे मले सांगत होते, आन मी इचारत होती, चौथ्यात कोठी अडकले, कोण्या ओळीत, आन ती पोरगी होती काय तथी, कोण्या बाजूनं बसली होती. हे म्हणे, मांगं बसली होती. मी म्हटलं, मांगं म्हणजे किती मांगं.

यायनं पेटी उघडली, नवीन कागद काढला आन माह्या हातात देला. घडी न करता आणला होता. मी तो खिडकीपाशी नेला आन वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक एक ठिपका वाचला, मांगून बी पाह्यला, मंगच पाट्यावर रेघा ओढल्या.